ओटी म्हणजे कोणती ओटी?

आईच्या डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात खाली लिहिलं होतं ‘ओ.टी.’ आणि त्याच्यापुढे डॉक्टरच्या मुंगीपायी अक्षरात ‘५ दिवसांच्या आत सुरू करणे’. मी म्हटलं झालं, पुन्हा ऑपरेशन. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, दोन दिवस त्याच दाराबाहेर बसून काढले होते, तेवढं तर कळत होतं. आई पलंगावर बसल्या बसल्या म्हणाली, "ओटी? माही? आता माही ओटी कोन भरते बाप्पा." बाबाला जाऊन सहा वर्षं झाली. ती स्वतःच हसली, मला काही हसू आलं नाही, सिस्टर मात्र तोंडाला रुमाल लावून हसली आणि मग तिनं सांगितलं की हे दोन्ही नाही, तिसरंच आहे, ऑक्युपेशनल थेरपी, आमच्याकडे होत नाही, बाहेर कुठे करून घ्या.

बाहेर कुठे म्हणजे कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.

थोडं मागून सांगतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून आत नऊ-दहा किलोमीटर. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, त्याच्या दोनच दिवसांनी सोयाबीन सोंगताना आईच्या डाव्या हाताला विळा लागला. मजूर मिळत नव्हते, मिळाले तर एकराचा भाव ऐकून परत फिरावं लागत होतं, आणि सोयाबीनचा हमीभाव कागदावर ४८९२ असला तरी बाजारात लोक चार हजाराच्या आसपास विकून राहिले होते, म्हणून आई म्हणाली दोन तास मी पन धरतो पात. डाव्या मुठीत झाडं, उजव्या हातात विळा, लहानपणापासूनचं काम, आणि कसं काय झालं तिलाच कळलं नाही, मधलं बोट आणि करंगळीच्या बाजूचं बोट, दोघांच्या बुडाशी तळव्याकडून कापलं. हळद, फडकं, मोटरसायकल, दवाखाना. तिथे टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. तीन दिवसांनी पट्टी बदलताना माझी बायको म्हणाली, "आई, बोटं मुडपून दाखवा बरं." बाकीची मुडपली, ही दोन काडीसारखी सरळ. आम्ही सगळे समजून होतो की दुखून राहिलं म्हणून वाकवत नसेल. टाके घालणाऱ्यानं पहिल्याच दिवशी एवढं एक वाक्य म्हटलं असतं, बोट वाकवा म्हणून, तर... जाऊ द्या.

हिंगणघाटच्या डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं की नस कटली. नस म्हणजे रक्ताची नाही, बोट आत ओढणारी दोरी, टेंडन. नागपूरला हाताच्या सर्जनसाठी चिठ्ठी दिली. आता गावात सगळे विचारतात की सेवाग्राम, सावंगीची मोठी हॉस्पिटलं आपल्याच जिल्ह्यात असताना नागपूर काहून? अरे, चिठ्ठीवर नागपूर लिहिलं होतं, आणि त्या दिवशी कोणी चिठ्ठीवर दिल्ली लिहून दिली असती तर मी दिल्लीला गेलो असतो. धंतोलीत ऑपरेशन झालं. सर्जन चांगला माणूस, पण जे काही बोलला ते चालता चालता. "अर्धं काम मी केलं, अर्धं थेरपीत आहे, उशीर करू नका," एवढं म्हणून दुसऱ्या पेशंटकडे गेला. अर्धं काम! एवढे पैसे भरून अर्धंच झालं होतं म्हणजे.

माझं गावात ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, लोकांना जे पाहिजे ते मी शोधून देतो, म्हणून मला वाटलं नागपूरसारख्या शहरात एक थेरपिस्ट शोधायला कितीसा वेळ लागते. मोबाईलवर ऑक्युपेशनल थेरपी टाकलं तर भरभरून नावं आली, रंगीत बोर्ड, झोपाळे, मोठे मोठे चेंडू. पहिल्याला फोन लावला. तिकडून पोरगी बोलली, "हां जी, बच्चे की एज क्या है?" मी म्हटलं बासठ. ती थांबली. "महिने?" मी म्हटलं साल. फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी पण बच्चे, तिसऱ्या ठिकाणी पण बच्चे. ऑटिझम, बोलायला उशीर, एका जागी न बसणारी मुलं, त्यांच्यासाठीच सगळं. ते कामही मोठंच आहे, त्या मायबापांचे हाल वेगळे, पण मला बासष्ट वर्षांच्या बाईचा हात दाखवायचा होता आणि पाचातला एक दिवस असाच गेला.

चौथ्या ठिकाणी म्हणाले या, आम्ही सगळं करतो. बोर्डावर सांधेदुखी, मणका, लकवा, गुडघा, सगळं लिहिलेलं होतं. गेलो. सकाळची एसटी, आईची अर्धी तिकीट, खापरीला उतरून मेट्रो. आई पहिल्यांदाच मेट्रोत बसली, डावा हात पट्टीत, उजव्या हातात पिशवी, धरायचं कशानं, शेवटी एका कॉलेजच्या पोरानं जागा दिली. तिथे गेलो तर एक जण आला, फाईल उघडलीच नाही, पट्टी सोडली आणि म्हणाला बोट आखडलंय मावशी, सरळ करू, आणि ते बोट हळूहळू मागे ओढायला लागला. आई ओरडली. मी काही डॉक्टर नाही, पण कागदावर सर्जननं लाल पेनानं लिहिलं होतं की बोट जोरानं सरळ करू नये, ते मी वाचलेलं होतं. मी त्याचा हात धरला. तो चिडला, तुम्हीच करा मग म्हणाला. बिल मात्र घेतलं, तीनशे रुपये. बाहेर रसवंतीवर बसलो, आई काहीच बोलली नाही, नुसती हाताकडे पाहत होती. मी पण काय बोलणार.

त्या रात्री मला ती पोरगी आठवली.

शेजारच्या गावची. कोरोनाच्या साली मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा झाली तेव्हा तिचा बाप तिला घेऊन माझ्या सेंटरवर आला होता, ऑप्शन फॉर्म भरायला. तो म्हणे जेवढं काही आहे तेवढं टाक, पोरगी घरी नाही बसली पाहिजे. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, खाली खाली जाता जाता एक नाव आलं बीओटीएच. तिनं विचारलं, "दादा, हे कायचं असते?" मी म्हटलं माहीत नाही, टाकून ठेव, काही बिघडत नाही. तिला तेच लागलं, नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात. बापानं विचारलं डॉक्टर होईल ना, मी म्हटलं हो हो, झाली समजा. म्हणजे ज्या माणसानं स्वतःच्या बोटानं तो ओटीच्या डिग्रीचा कोड टाईप केला होता तोच माणूस चार वर्षांनी नागपुरात ओटी म्हणजे काय विचारत फिरून राहिला होता. नंबर होताच, फॉर्मवर टाकलेला. लावला. ती आता शेवटच्या वर्षाला. आधी तिनं मला पाच मिनिटं एकच विचारलं, कोणी बोट ओढलं का, किती ओढलं, ओढल्यावर बोट एकदम ढिलं पडलं का. मी म्हटलं नाही. तेव्हा कुठे तिचा आवाज नीट झाला.

मग तिनं समजावलं, आणि खरं सांगतो, अख्ख्या प्रवासात कोणी एवढ्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. म्हणे दादा, सायकलच्या ब्रेकची वायर पाहिली ना, बाहेर नळी आणि आत तार. प्रत्येक बोटात अशा दोन तारा आहेत, अंगठ्यात एक. काकूच्या तारा नळीतच कटल्या, डॉक्टरनं त्या शिवल्या. आता शिवलेली तार जोरानं ओढली तर तुटते, आणि घाबरून हात तसाच बांधून ठेवला तर तार नळीलाच चिकटते, मग बोट ना वाकत ना सरळ होत. पहिले तीन आठवडे ती शिवण सगळ्यात कच्ची. म्हणून हलवायचं तर आहे, पण मोजून मापून, आणि बोट चुकून सरळ ताणलं जाऊ नये म्हणून हाताच्या वरून एक कवच घालायचं, त्याला स्प्लिंट म्हणतात, सहा आठवडे, झोपेत पण. जड काम बारा आठवड्यांनंतर. जिथे काकूला लागलं ना, त्या जागेला जुने सर्जन नो मॅन्स लँड म्हणायचे, तिथे शिवून फायदाच होत नाही असं समजायचे. मी म्हटलं बरं झालं हे आईला सांगितलं नाहीस.

हे काम फिजिओवाले पण करतात का, मी विचारलं, कारण माझ्या डोक्यात सकाळचा राग होता. ती म्हणाली करतात, हाताचं शिकलेले चांगले फिजिओ आहेत, ज्यानं फाईल उघडली नाही तो कोणत्याही डिग्रीचा असता तरी तेच झालं असतं. पण विचारून घ्यायचं असते. ओटीची बीओटीएच का फिजिओची बीपीटीएच, पुढे हाताचं काही केलंय का, टेंडनचे पेशंट पाहता का, स्प्लिंट स्वतः बनवता का की बाजारातून आणायला सांगता. आणि महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओथेरपी यांची मिळून एक कौन्सिल आहे, २००२ च्या कायद्याची, तिथला रजिस्ट्रेशन नंबर असला पाहिजे, तो विचारला तर खऱ्या माणसाला राग येत नाही. हे मला चार दिवस आधी माहीत असतं तर आईचा एक चक्कर आणि ओरडणं वाचलं असतं.

अजून एक गोष्ट तिनंच सांगितली, मला फार आवडली म्हणून लिहितो, विषय थोडा हटला तरी. हे शिक्षण आपल्याकडे आणलं कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी नाव, मराठी माणसाशी लग्न करून कमलाबाई झाल्या आणि १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये भारतातली पहिली ओटीची शाळा काढली. फलटणची निंबकर शेती संशोधन संस्था काढणारे बी. व्ही. निंबकर त्यांचे चिरंजीव. हे ऐकून मी चाट. म्हणजे १९५० पासून ही विद्या महाराष्ट्रात आहे आणि २०२४ मध्ये माझ्या तालुक्यात एकाही दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द मी वाचलेला नाही.

ती पोरगी मेडिकलला ये म्हणाली होती, पण तिची त्या महिन्यात ड्युटी दुसरीकडे होती आणि आम्हाला टाके दाखवायला धंतोलीत जायचंच होतं, तिथून दोन गल्ल्या सोडून तिच्या एका सिनियर मॅडमचं क्लिनिक, म्हणून तिथे गेलो. लहानशी जागा, औषधाच्या दुकानाच्या वर, जिना अरुंद. बोर्ड एवढासा की मी दोनदा पुढे निघून गेलो. आत झोपाळा नाही, करंटची मशीन नाही. एक टेबल, त्याच्यावर गरम पाण्याचा पसरट तवा, आणि डब्यांमध्ये बटणं, चाव्या, कपडे वाळवायचे चिमटे, नटबोल्ट. आई माझ्या कानात म्हणाली, "हे दुकान कायचं होय?"

मॅडमनं आधी फाईल वाचली, पूर्ण. मग सर्जनला फोन करून कोणती शिवण, किती मजबूत, ते विचारलं. मग कागदावर आईचा हात ठेवून पेन्सिलनं आखला, लहान पोरं आखतात तसा, तो आकार एका पांढऱ्या पत्र्यावर कापला. पत्रा म्हणजे प्लास्टिकचाच, पण गरम पाण्यात टाकला की पापडाच्या लाटीसारखा मऊ. तो बाहेर काढून, पुसून, आईच्या हाताच्या वरच्या बाजूनं बसवला, मनगट थोडं वाकलेलं, बोटं खाली झुकलेली, आणि दोन-तीन मिनिटांत तो कडक झाला. अंगठा मोकळा. वेलक्रोच्या पट्ट्या लावल्या. दर तासाला उजव्या हातानं ही दोन बोटं हलकेच तळव्याकडे दाबायची, दहा वेळा, मग कवचाला लागेपर्यंत सोडायची, बस. त्याच्या पलीकडे एक सुतभर पण नाही. स्प्लिंटचे अडीच हजार, दर वेळचे पाचशे. मी मनात क्विंटलात हिशोब केला, सवय आहे.

आता आमचा पराक्रम. मॅडमनं दहा वेळा सांगितलं होतं की स्प्लिंट गरम पाण्यात नाही, उन्हात नाही, चुलीजवळ नाही. आठव्या दिवशी आईला त्याचा वास यायला लागला, घामाचा, आणि तिला अस्वच्छ काही चालत नाही. मी सेंटरवर, बायको वावरात. आईनं पट्ट्या सोडून तो अंघोळीच्या पाण्याच्या गुंडात बुडवला, चुलीवरून नुकताच उतरवलेला. मी आलो तर आई उभी आणि हातात ती वस्तू, वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी झालेली. "धुतलं फक्त," म्हणाली. मॅडमला व्हिडिओ कॉल. त्या चिडल्या नाहीत, म्हणाल्या तोपर्यंत जाड पुठ्ठ्यावर हात त्याच कोनात ठेवून फडक्यानं बांधा, मी सांगते तसं, मोबाईल असा धरा, अजून खाली, हां. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नागपूर. तोच पत्रा पुन्हा गरम करून पुन्हा बसवला, वेगळे पैसे घेतले नाहीत. नंतर दर दोन वेळांपैकी एक वेळ व्हिडिओवर करू म्हणाल्या, मी सेंटरच्या वायफायवर आईला बसवायचो आणि पीकविम्यासाठी आलेले लोक मागे उभे राहून बघायचे, मग अख्ख्या गावाला व्यायाम पाठ.

दिवाळी स्प्लिंटमध्येच झाली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आई सकाळीच तयार. शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात आणि आईचं बोट कवचाखाली. शाईवाला म्हणे हे सोडा जरा. आई सोडायलाच निघाली होती, मी लाईनीतून ओरडलो. शेवटी अंगठ्याला लावली. आई दिवसभर सगळ्यांना अंगठा दाखवत फिरली.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्यानंतरचं. सहा आठवडे झाले, स्प्लिंट उतरला, बोटं हलत होती पण अर्धवट, आणि आई उदास. मला वाटलं आता मॅडम चिमटे, बटणं काढतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "काकू, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता, सगळं सांगा." आईला असं कोणी आयुष्यात विचारलं नसेल, मी पण नाही. ती आधी म्हणाली काही नाही बाई, घरचंच. मग सुरू झाली ते वीस मिनिटं. गोठा, शेण, बालटीनं पाणी, भाकरी, लुगड्याच्या निऱ्या, वेचणी, तूर निवडणं, नातीची वेणी. मॅडम लिहून घेत होत्या. कोणतं सगळ्यात आधी पाहिजे विचारलं. मी म्हणालो भाकरी. आई म्हणाली, "भाकर सून करते, मले निऱ्या पायजे. रोज सकायी तिले बोलवा लागते निऱ्या धराले, मले कसंतरीच वाटते."

मला हे माहीतच नव्हतं. एकाच घरात राहून.

मग व्यायाम सगळे बदलले. निऱ्यांसाठी आधी जुनं धोतर, सुती, जाड, ते बोटांमध्ये घडी घालत धरायचं, मग पातळ, मग लुगडं. ऑपरेशनच्या जागेवर खोबरेल तेल लावून अंगठ्यानं चोळायचं, कारण वरची कातडी चिकटली तर खालची तार पण अडते. डिसेंबरच्या मधात मॅडमनं विचारलं कापूस अजून आहे का झाडाला. आहे म्हटलं. मग बोंडासकट एक पिशवी आणा म्हणाल्या. मी एसटीत परहाटीची पिशवी घेऊन बसलो, कंडक्टर म्हणे जिनिंगला चालले का एवढ्यात. क्लिनिकच्या टेबलावर आईनं बोंडातून कापूस ओढला, अंगठा आणि मधल्या बोटानं, मॅडम वरून बघत होत्या, मनगट असं, खांदा उचलू नका, थांबा, श्वास घ्या. पाच बोंडं, मग दहा. मग घरी रोज एक वाटी तुरीच्या शेंगा सोलणं. यंत्रावर बसवून केलेल्या व्यायामानं फायदा होतच नाही असं मी म्हणत नाही, पण त्या वाटीसाठी आईला कधी आठवण करून द्यावी लागली नाही, त्याआधीचे दहा-दहा वेळचे व्यायाम मात्र आम्ही ओरडून करून घेतले होते.

करंगळीच्या बाजूचं बोट अजून पूर्ण मुडपत नाही, तळव्यापासून एक पेरभर दूर राहते. मॅडमनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की ते तीन दिवस उशीर झाला आणि जागा वाईट, शंभर टक्के नाही येणार. ती पोरगी पास झाली. मी आता नीटचे फॉर्म भरताना बीओटीएचवर आलो की थांबतो आणि सांगतो, पाच-दहा मिनिटं जातात, मागचे लोक वैतागतात.

संक्रांतीनंतर बालटी उचलायची परवानगी मिळाली, अर्धी भरून. पण कडीचा तार बोटांत रुतायचा, मॅडम म्हणाल्या मूठ जाड करा, चिंधी गुंडाळा. आईनं चिंधी नाही गुंडाळली. परवा गोठ्यात गेलो तर बालटीच्या कडीवर पांढरं काहीतरी जाड बसवलेलं, चार बोटांचे खड्डे अगदी बरोबर पडलेले. तिनं स्प्लिंट कापून गुंडात उकळला आणि मऊ झाल्यावर कडीवर दाबून बसवला. म्हणाली, "अडीच हजाराचं होय, फेकून कायले द्याचं."